घरचं आयएनआर मशीन: दोन वर्षं, एकोणसत्तर ओळी

देवघराशेजारच्या फळीवर आमच्याकडे एक निळी पिशवी असते. तिच्यात रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आयएनआर या मापात सांगणारं हातात मावेल एवढं मशीन, बोटाला टोचायचं पेन, पट्ट्यांची डबी आणि एक शंभर पानी वही. वहीत दर पंधरवड्याला एक ओळ पडते: तारीख, आकडा, गोळी किती, आणि शेवटी सासूबाई सांगतील ती नोंद. ‘टाकळ्याची भाजी खाल्ली.’ ‘दाढ ठणकत होती.’ ‘मुंबईचे पाहुणे, जेवण उशिरा.’ गेल्या सोमवारी एकोणसत्तरावी ओळ लिहिली. मशीन घ्यायच्या आधी मी मराठीत खूप शोधलं होतं, हाताला काही लागलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे सांगायचंय ते या जातीच्या कुठल्याही मशीनला लागू पडेल.

आधी आमची परिस्थिती. सासूबाईंना मी आईच म्हणते. चौसष्ट वर्षांच्या आहेत. लहानपणी घसा धरायचा, मग सांधे सुजायचे, ताप यायचा. त्या तापानं हृदयाची झडप धरली होती, हे चाळिशी उलटल्यावर कळलं. 2016 मध्ये मुंबईत ऑपरेशन झालं आणि मायट्रल झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसवली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली ‘चित्रा’ झडप, 1990 पासून माणसांना बसवतात ती. रात्री घर शांत झालं की आईंच्या कुशीत झोपणाऱ्याला तिची टिकटिक ऐकू येते. माझ्या मुलीला ती ऐकल्याशिवाय झोप लागत नाही.

अशा झडपेवर गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. कमी पडली तर गुठळी, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. जास्त झाली तर रक्तस्राव. दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे: आईंचा आयएनआर अडीच ते साडेतीन हवा, असं डॉक्टरांनी फाइलवर लाल शाईनं लिहून दिलंय.

त्यासाठी सात वर्षं आम्ही देवरुखच्या आतल्या वाडीतून रत्नागिरीला जात होतो. पहाटेची एसटी, लॅबच्या बाकावर तास-दीड तास, संध्याकाळी परत. जवळपास रक्त दिलं तर नमुना पुढे जायचा आणि आकडा दुसऱ्या दिवशी फोनवर. महिन्यातून एकदा हे ठरलेलं, आकडा बिघडला की दर आठवड्याला. आईंचा तो पूर्ण दिवस जायचा आणि ज्याची रजा पडायची त्याचाही.

मशीन घ्यायचं ठरलं ते 2023 च्या मे महिन्यातल्या एका रिपोर्टमुळे. आयएनआर 6.8. नाव घेत नाही त्या लॅबचं, पण त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, आजची गोळी देऊ नका, पडू देऊ नका, उद्या सकाळी दुसरीकडे पुन्हा तपासा. दुसऱ्या दिवशी आकडा आला 3.1. तेव्हा मला आदल्या दिवशीची नळी आठवली. आईंची शीर सापडत नव्हती, दोनदा सुई फिरवून झाली होती, आणि निळ्या झाकणाची नळी अर्धीच भरली होती. तशीच पुढे गेली.

त्या नळीत आधीच मोजून सायट्रेट घातलेलं असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून नळीत रक्त गोठत नाही. लॅबमध्ये तपासताना मोजकं कॅल्शियम परत घालतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते बघतात. नळी अर्धी भरली तर सायट्रेट दुप्पट झालं. घातलेल्या कॅल्शियमपैकी काही तेच गिळतं, रक्त उशिरा गोठतं, आणि आकडा फुगतो. रक्त देताना नळी रेघेपर्यंत भरली का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नसेल तर पुन्हा घ्यायला सांगा, लाजू नका.

कॅल्शियमचं एवढं काय आहे? मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा इथं जरा थांबते. हे कळल्यावरच मला त्या मशीनचा आकडा वाचता यायला लागला.

रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतात बनतात. त्यांतल्या चारांची, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन (घटक 2) आणि घटक 7, 9 व 10 यांची, अमिनो आम्लांची माळ ओवून झाली तरी ती कामाची नसतात. माळेच्या सुरुवातीच्या टोकाला ग्लुटामिक आम्लाचे मणी दाटीनं बसलेले असतात. प्रोथ्रॉम्बिनमध्ये असे दहा मणी महत्त्वाचे. प्रत्येक मण्याच्या फांदीला एक कार्बॉक्सिल गट, म्हणजे एकच ऋण भार. कॅल्शियमला दोन धन भार, ते एवढ्यानं धरलं जात नाही. एका पायाच्या सांडशीनं गरम पातेलं उचलायला जावं तसं. मग यकृतातलं एक एन्झाइम त्या फांदीच्या गॅमा कार्बनवरचा हायड्रोजन काढतं आणि तिथं कार्बन डायऑक्साइडचा रेणू जोडतं. आता एकाच कार्बनवर दोन कार्बॉक्सिल, सांडशीला दुसरा पाय आला. या बदललेल्या मण्याचं नाव गॅमा-कार्बॉक्सिग्लुटामिक आम्ल. अशा सांडशांनी कॅल्शियम पकडलं की प्रथिनाचं ते टोक नीट घडी घेतं आणि जखमेपाशी जमलेल्या प्लेटलेटच्या पापुद्र्याला चिकटतं. गोठण्याचं काम जखमेच्याच जागी भराभर होतं ते यामुळे.

ही जोडणी व्हिटॅमिन के शिवाय होत नाही. प्रत्येक जोडणीत के खर्ची पडतं, त्याचं इपॉक्साइड, म्हणजे या कामाला न चालणारं रूप होतं, आणि दुसरं एक एन्झाइम त्याला परत वापरण्याजोगं करतं. वॉरफरिन या दुसऱ्या एन्झाइमला अडवतं. आपण सगळे ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो, मीही म्हणते, पण रक्त जेवढं दाट होतं तेवढंच राहतं. यकृतातून बाहेर पडणाऱ्या प्रथिनांमधल्या काही सांडशांना दुसरा पाय नसतो, एवढाच फरक.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो भाग वेगळाच आहे. कुजलेल्या स्वीट क्लोव्हरच्या गवतानं अमेरिकेतली गुरं रक्त वाहून मरत होती, त्यातून विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं डायकुमारॉल वेगळं केलं, आणि पुढे 1948 मध्ये वॉरफरिन उंदरांसाठी बाजारात आलं. आमच्या आत्याबाई ‘उंदराचं औषध देताय वहिनीला’ म्हणून हळहळतात, ते खोटं नाही. पण त्याच औषधाला 1954 मध्ये माणसांसाठी मान्यता मिळाली आणि ते आजवर जीव राखतंय, हे मी त्यांना दर गणपतीत सांगते. एवढं होऊनही हे औषध प्रथिनात नेमकं काय बिघडवतं, हे 1974 पर्यंत दिसलं नव्हतं. डायकुमारॉल दिलेल्या गाईचं प्रोथ्रॉम्बिन कॅल्शियम धरत नव्हतं, पण अमिनो आम्लं मोजली तर निरोगी गाईसारखीच भरायची. कारण मोजण्यासाठी प्रथिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापवत, आणि त्या उष्णतेत दुसरा कार्बॉक्सिल कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जायचा. सांडशीचा पाय तपासणीतच तुटत होता! स्वीडनच्या योहान स्टेनफ्लो आणि सहकाऱ्यांनी प्रथिनाचे एन्झाइमनं तुकडे केले आणि मग तो नवा मणी हाती लागला. त्याच वर्षी आणखी दोन गटांनाही तो सापडला. हे वर्गात सांगताना अजून अंगावर काटा येतो.

आता मशीन. पट्टीवर थ्रोम्बोप्लास्टिन सुकवून लावलेलं असतं, म्हणजे गोठण्याची सुरुवात करून देणारं द्रव्य. मशीन पट्टी गरम करतं, त्यावर रक्ताचा थेंब ठेवायचा, आणि थ्रॉम्बिन (प्रोथ्रॉम्बिनपासून बनणारं, रक्त गोठवणारं एन्झाइम) तयार होईपर्यंतचा वेळ ते विजेच्या संकेतावरून मोजतं. मिनिटभरात पडद्यावर आकडा. बोटातल्या ताज्या थेंबात स्वतःचं कॅल्शियम असतं, सायट्रेट नसतं, त्यामुळे अर्ध्या नळीचा घोळ इथं होऊच शकत नाही. जगभरात वेगवेगळं थ्रोम्बोप्लास्टिन वापरतात आणि प्रत्येकाचे सेकंद वेगळे येतात, म्हणून 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आयएनआर हे एकच माप स्वीकारलं. आमच्या प्रत्येक डबीबरोबर एक छोटी चिप येते, तिच्यात त्या डबीतल्या थ्रोम्बोप्लास्टिनचा हिशेब असतो. डबी बदलली की चिप बदलायची. सुरुवातीला मी एकदा विसरले, मशीननं पट्टी घ्यायलाच नकार दिला. चांगलं केलं.

थेंब काढणं हे शिकावं लागतं. आईंचे हात शेतातले, बोटांची कातडी जाड, आणि थंडीत बोटं गार. पहिल्या महिन्यात तीन पट्ट्या वाया गेल्या. आता क्रम पक्का झालाय. सकाळी चहाआधी आई कोमट पाण्यानं हात धुतात, टॉवेलनं अगदी कोरडे करतात, हात खाली सोडून बसतात. मी पट्टी आत सरकवते, चिपचा आणि डबीचा आकडा जुळवते. करंगळीशेजारच्या बोटाच्या कडेला टोचते, मधोमध नाही, मध्ये जास्त दुखतं. बोट मुळापासून टोकाकडे एकदाच हलकं चोळायचं. करकचून पिळायचं नाही, पिळलं की पेशींमधलं पाणी थेंबात मिसळतं. मोहरीपेक्षा थोडा मोठा, टपोरा थेंब, आणि तो पंधरा सेकंदांच्या आत पट्टीला लावायचा, कारण बोटावरच तो गोठायला लागतो. पट्टी स्वतःच रक्त ओढून घेते, दुसरा थेंब वर घालायचा नाही. बीप वाजला की आई डोळे मिटतात. ‘सांग गो किती,’ म्हणतात. मी सांगेपर्यंत उघडत नाहीत.

घेतल्यावरची पहिली खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैत आमच्याकडे टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी अशी एकेक भाजी परड्यात उगवते आणि आईंना तिचा फार सोस. आकडा आला 1.8. हिरव्या पानांत व्हिटॅमिन के भरपूर असतं, वॉरफरिनला ते पुरून उरलं. माझ्या नवऱ्यानं सगळ्या पालेभाज्या बंद करायचं ठरवलं. डॉक्टरांनी मात्र त्याला फोनवर समजावलं: पालेभाजी सोडू नका, तिचं माप धरा. आज शून्य आणि उद्या परातभर, यानंच आकडा हेलकावे खातो. त्या आठवड्यापुरती त्यांनी गोळी थोडी वाढवली, आणि आम्ही ठरवलं: आठवड्यातून तीन दिवस, एक वाटी, मग तो टाकळा असो, मेथी असो की अळूचं फदफदं. दहा दिवसांनी 2.7. पुढच्या पावसाळ्यात आकडा अडीचच्या खाली एकदाही गेला नाही. आईंची भाजीही सुटली नाही, आणि त्याचं मला जास्त समाधान आहे.

त्याच जुलैत आमची एक चूकही झाली. 1.8 दिसल्यावर नवरा रोज सकाळी तपासा म्हणू लागला, आणि दोन दिवस आम्ही तपासलंही. गोळी वाढवली तरी आकडा लगेच हलेना म्हणून जीव वरखाली. घटक 7 रक्तात साधारण सहा तासांत निम्मा होतो, पण प्रोथ्रॉम्बिन निम्मं व्हायला जवळपास साठ तास लागतात. कालची गोळी कालच्या रात्री बनलेल्या प्रथिनांवर चालली, आधीची पूर्ण पायांची प्रथिनं अजून रक्तात फिरतायत. आज दिसतो तो आकडा दोन-तीन दिवसांपूर्वीच्या गोळीचा. तेव्हापासून डोस बदलल्यावर निदान चार-पाच दिवस आम्ही मशीनला हात लावत नाही, डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी. आणि आकडा बघून गोळी आपल्या मनानं कमीजास्त करायची नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

मशीनचे पैसे मात्र एका दिवसात वसूल झाले. गेल्या वर्षी आईंची दाढ सुजली. दंतवैद्यांनी अँटिबायोटिकबरोबर मेट्रोनिडाझोल दिलं. वॉरफरिन चालू असल्याचं आम्ही सांगितलं होतं, त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच दिलं. डॉक्टर म्हणाले, चौथ्या-पाचव्या दिवशी तपासा. मेट्रोनिडाझोल वॉरफरिनचं विघटन मंदावतं, तीच गोळी अंगात जास्त होते. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला मशीनवर 4.6. हिरड्यांतून जरासं रक्त येत होतं, आईंना ते दाढेचंच वाटत होतं. सात वाजता डॉक्टरांशी बोलणं झालं, त्या दिवशीची गोळी थांबली, दुपारी शिरेतून रक्त घेऊन खात्री केली: 4.4. मशीन नसतं तर पुढची तपासणी अकरा दिवसांनी होती.

तक्रारींकडे येते. मशीन आम्हाला तीस हजारांच्या वर पडलं, एक पट्टी साडेतीनशेच्या आसपास. पंधरवड्याला एक म्हटलं तरी वर्षाचा खर्च नऊ हजारांवर जातो, आणि वाया जाणाऱ्या पट्ट्या वेगळ्या. शेती आणि एक पगार असलेल्या घराला हे जड आहे. आमच्या जुन्या हिशेबात एसटी, लॅब आणि बुडालेला रोज धरला तेव्हा कुठे ताळा बसला. ज्याच्या घरापासून चांगली लॅब दहा मिनिटांवर आहे त्याने घाई करू नये.

पट्ट्या 2 ते 30 अंशांत ठेवायच्या असतात. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत किती तापमान असतं हे वेगळं सांगायला नको. एका पुरवठादारानं आम्हाला उन्हात तापलेलं खोकं पाठवलं, वर मुदत संपायला अडीचच महिने उरलेले. चौवीस पट्ट्या तेवढ्यात संपणार कशा? तीन आठवडे फोन केल्यावर बदलून मिळाल्या. आता मी ऑर्डरच्या आधी मुदतीची तारीख लेखी मागते, आणि मागवते ते पावसात किंवा थंडीत. माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत होती, मराठीत नाही. मी आईंसाठी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहून पिशवीत ठेवल्यात.

मर्यादाही ओळखून घ्या. साडेचारच्या वरचा आकडा शिरेतल्या रक्तावर पडताळल्याशिवाय धरू नये. रक्त खूपच कमी असेल, किंवा अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असलेला आजार असेल, तर बोटाच्या थेंबाचा आकडा फसवू शकतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आम्ही दर सहा महिन्यांनी एकाच दिवशी लॅब आणि मशीन दोन्ही करतो. आजवर फरक 0.4 च्या वर गेला नाही.

‘तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, त्या का घेत नाही?’ हे आम्हाला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. आईंच्यासारख्या धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यांतल्या डॅबिगॅट्रान या गोळीची चाचणी अशाच झडपांवर झाली, त्यात गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही, ती मध्येच थांबवावी लागली, 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालंय. कुणाच्या सांगण्यावरून गोळी बदलू नका. हे मी हात जोडून लिहिते आहे.

माझे गुण: पाचापैकी साडेचार. अर्धा गेला तो पट्ट्यांच्या किमतीसाठी.

या मार्चपासून पिशवीत एक गोष्ट वाढली आहे. वरच्या वाडीतल्या एका चोवीस वर्षांच्या मुलाला तशीच झडप बसली, तोही आता दर दुसऱ्या सोमवारी आईंच्या नंतर येतो. पट्ट्यांची डबी आणि चिप त्याची स्वतःची. आमचं टोचायचं पेन त्याला कधीच देत नाही, त्याच्यासाठी एकदाच वापरून टाकायच्या सुया वेगळ्या आणल्यात. मशीन आधी आणि नंतर पुसून घेते, हातमोजे घालते. त्याची वही निराळी, तिला निळा कागद घातलाय. त्याला टोचताना आई समोर बसून सांगतात, ‘हात खाली सोड रे, घट्ट नको धरू.’ परवा त्याचा आकडा 2.3 आला. त्यानं लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि आई स्वैपाकघरात जाऊन त्याच्यासाठी चहा टाकून आल्या.